आधी हद्दपारी, मग चौकशी?



बांगलादेशी घुसखोरांविरुद्धच्या मोहिमेत किती जणांना पकडले याचे आकडे नेमाने छापून येतात. चुकीच्या माणसाला सीमेपार धाडले तर जबाबदार कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. जून 2025 मध्ये मीरा रोड भागात गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका मजुराला पोलिसांनी उचलले. घरच्यांनी आणि पश्चिम बंगालच्या यंत्रणेने त्याचे कागद महाराष्ट्र पोलिसांकडे पाठवले होते. तरी त्याची रवानगी सिलिगुडीला झाली आणि तिथून पहाटेच्या अंधारात बांगलादेशात. दोन्ही देशांच्या सीमा दलांचे बोलणे होऊन तो परतला, कारण तो भारतीयच होता. घरचे लोक आणि बंगालचे स्थलांतरित कामगार कल्याण मंडळ मागे लागले नसते, तर तो आजही तिकडेच असता. परिजायी श्रमिक ऐक्य मंचासारख्या संघटना अशा मजुरांसाठी धावाधाव करतात, तेव्हा ‘घुसखोरांचे वकील’ म्हणून त्यांची संभावना होते. वास्तविक संशयिताच्या मूळ राज्याकडून 30 दिवसांत पडताळणी करून घ्या, असे केंद्रीय गृहखात्यानेच मे 2025 मध्ये सांगितले आहे. म्हणजे पोलिसांनी करायचे काम हे लोक पदरमोड करून करत आहेत. त्यांना अडथळा कसे म्हणायचे?

घुसखोरी होते आणि खोटी आधार कार्डे विकत मिळतात, हे खरेच आहे. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असले म्हणजे कुणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये म्हटले. पण मग नागरिकत्व ठरवायचे कुणी? ठाण्यातल्या फौजदाराने, आणि तेही बोली ऐकून? आपण परदेशी नाही, हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने संशयितावर टाकला आहे. मात्र संशयालाच काही ठोस आधार हवा, नुसता आरोप पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये आसामच्या एका खटल्यात बजावले. दिल्लीत पकडलेल्या बीरभूमच्या गरोदर स्त्रीला तर कुटुंबासह काही दिवसांतच सीमेपार केले गेले. कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये या घाईवर ताशेरे ओढून त्यांना परत आणण्याचा आदेश दिला. ती मुलासह भारतात पोहोचली तेव्हा डिसेंबर उजाडला होता.

न्यायालयात वर्षे जातात, हा आक्षेप उरतो. पण अटकेनंतर 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा, एवढे तर राज्यघटनेचे कलम 22 सांगतेच, आणि ते फक्त नागरिकांपुरते नाही. शिवाय बांगलादेशाने राष्ट्रीयत्व मान्य करून स्वीकारलेला माणूस रीतसर परत जातो. रात्री कुंपणापलीकडे ढकललेल्याला तो देश नाकारतो आणि प्रश्न जागच्या जागी राहतो. महाराष्ट्राला हे नवे नाही. 1998 मध्ये युती सरकारने मुंबईतल्या बंगालीभाषक कारागिरांना बांगलादेशी ठरवून हावड्याच्या गाडीत बसवले, तेव्हा उलुबेरिया स्थानकावर जमावाने ती अडवून त्यांना सोडवले होते. तसे पुन्हा घडू नये असे वाटत असेल, तर प्रत्येक हद्दपारीचा लेखी आदेश निघावा, त्यावर अधिकाऱ्याचे नाव आणि सही असावी आणि त्याची प्रत आधी कुटुंबाच्या हाती पडावी.

– एक वाचक, ठाणे