आपली पन्हळ, शेजाऱ्याचे अंगण

दिवाळी आली की शेजाऱ्याकडे फराळाचे ताट जाते. चकली, करंजी, अनारसे, वर विणलेला रुमाल. आणि आषाढात त्याच भिंतीवरून त्याच शेजाऱ्याकडे आपण काय पाठवतो? आपल्या गच्चीचे पाणी! ताट परत येताना भरून येते, असा आपला रिवाज आहे. पाणी परत पाठवण्याची सोय मात्र देवाने ठेवलेली नाही.

अंबरनाथला शिवमंदिराच्या आसपास पावसाळ्यात जरा हिंडून पाहावे. जो तो घर बांधण्यापूर्वी भराव घालतो. रस्ता उंच झाला म्हणून जोते उंच, आणि जोते उंच झाले म्हणून शेजारचे अंगण खोल! मग पाण्याच्या जुन्या वाटेवर कुंपणाची भिंत येते, गच्चीचा नळ नेमका शेजाऱ्याकडे तोंड करतो, आणि खालच्या घरात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते. तक्रार करावी तर उत्तर तयार असते: “अहो, पाणी उताराकडेच जायचे. त्याला आम्ही काय करणार?”

हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि म्हणूनच ते खपते. १८८२ चा ईझमेंटचा कायदा सांगतो की, वरच्या जमिनीवर पडलेले आणि ठराविक पाटातून न वाहणारे पाणी खालच्या जमिनीवाल्याने स्वाभाविक रीतीने आपल्याकडे येऊ द्यावे. ठीक आहे, निसर्गाचे ओझे खालच्याने सोसावे. पण भराव काय निसर्गाने घातला? पन्हळ काय ढगातून पडली? हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ९,००० लिटरांहून अधिक पाणी होते. मातीवर पडते तर त्यातले काही मुरते, काही पसरते, उरलेले सावकाश उतरते. ते सारे चार इंची नळात कोंडून दुसऱ्याच्या भिंतीच्या पायाशी सोडायचे आणि वर उताराचा दाखला द्यायचा, ही शुद्ध लबाडी आहे.

पण आपली भिडस्त मंडळी गप्प बसतात. “जाऊ द्या, रोज तोंड पाहायचे आहे!” त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच कायद्याप्रमाणे एखादी वहिवाट उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून आणि अखंड वीस वर्षे चालली, तर तिचा खरोखरच हक्क होऊन बसतो. आज भिडेपोटी सोसलेली पन्हळ उद्या नातवंडांच्या गळ्यात पडेल. शेतीच्या पाण्याची वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. शहरातल्या घरवाल्याच्या नशिबी नगरपालिकेचे हेलपाटे आणि दिवाणी कोर्टाच्या तारखा! म्हणून बोलायचे ते पहिल्याच पावसाळ्यात बोलावे, लेखी बोलावे, आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. यात शेजारधर्म बुडत नाही. शेजाऱ्याचे घर ओले करणाऱ्याने तो आधीच बुडवलेला असतो.

आणि हे प्रकरण दोन घरांपुरते नाही. अंबरनाथचे पाणी मंदिराशेजारून वाहणाऱ्या वालधुनीत जाते, वालधुनी उल्हासनगरातून पुढे कल्याणकडे जाते. गावेही एकमेकांची शेजारीच. २६ जुलै २००५ च्या पावसात या नदीने उल्हासनगर-कल्याणच्या काठच्या वस्त्यांची काय दशा केली, हे तिथल्या लोकांना सांगायला नको. अंगणात भराव घालून शेजाऱ्याला बुडवणारा आणि काठावर भराव घालून नदी अरुंद करणारा, दोघांची वृत्ती एकच. फक्त माप निराळे.

शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, शिलाहार राजा माम्वाणीच्या काळात हे मंदिर पुरे झाले. त्याचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून आहे. देवाला खाली बसण्यात कमीपणा वाटला नाही. आम्हाला मात्र शेजाऱ्यापेक्षा दोन फूट उंच असल्याशिवाय झोप येत नाही!

मागणी साधी आहे. ज्याची गच्ची, त्याचे पाणी. टाकीत साठवा, शोषखड्ड्यात मुरवा, नाहीतर स्वतःच्या खर्चाने सार्वजनिक गटारापर्यंत न्या. आणि बांधकाम पुरे झाल्याचा दाखला देण्यापूर्वी नगरपालिकेच्या माणसाने गच्चीवर चढून, नळाचे तोंड कोणाच्या दारात उघडते एवढे तरी वाकून पाहावे.