पिंजरा आणि लाल माती

मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे नाव निघाले की आपल्याकडील सुसंस्कृत माणसाच्या कपाळावर आठी उमटते. दोन माणसांना जाळीच्या पिंजऱ्यात कोंडायचे, त्यांनी ठोसे, लाथा नि पेच वापरून एकमेकांना नामोहरम करायचे आणि प्रेक्षकांनी ते पैसे मोजून पाहायचे! हा रानटीपणा पश्चिमेचा, आपली संस्कृती लाल मातीची, असा त्याचा निर्वाळा असतो. हा निर्वाळा मला निव्वळ सोयीस्कर वाटतो.

पैशासाठी लढणे निषिद्ध मानायचे, तर गावोगावच्या जत्रांतील इनामी कुस्त्यांचे काय करायचे? जानेवारी २०२० मध्ये नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली आणि हरलेल्या शैलेश शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. दोघेही काका पवारांचे पठ्ठे. ते दृश्य पाहून महाराष्ट्र गहिवरला, आणि ते योग्यच होते. पण गहिवरणे आणि जबाबदारी घेणे या भिन्न गोष्टी आहेत. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. तेव्हा मातीच्या मायेचे गोडवे जरा बेतानेच गावेत.

तरीही कुस्तीगिरासाठी एक वाट मोकळी आहे. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या विजय चौधरींना पोलीस उपअधीक्षकपद मिळाले. पिंजऱ्यातल्या मल्लाला अशी वाट कुठे आहे? कुस्तीतून पुढे आलेला मुंबईचा भरत खंडारे २०१७ मध्ये यूएफसी या जगातील सर्वांत मोठ्या स्पर्धेत उतरला. शांघायला सोंग यादोंगने पहिल्याच फेरीत त्याचा गळा आवळून त्याला शरण आणले. यूएफसीतील त्याची ती पहिली झुंज, आणि शेवटचीही.

या धंद्यातील खरे क्रौर्य ठोशात नाही. शरणागतीची खूण म्हणून हात थोपटला की पंच झुंज थांबवतो. करारात मात्र थोपटून सुटका नाही. मल्ल नोकर नसतो, कंत्राटदार असतो. बिदागी झुंजीगणिक, हरला तर बहुधा निम्मीच. जगज्जेते असलेल्या मल्लांनाही अखेर न्यायालयात जावे लागले. २०१४ मध्ये दाखल झालेला तो अमेरिकेतील खटला २०२५ मध्ये ३७.५ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. तिथे दाद मिळायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. इथे तर दाद कुणाकडे मागायची, हेच ठरलेले नाही.

२०२६ च्या नागोया आशियाई स्पर्धांच्या कार्यक्रमात या प्रकाराचा समावेश झाला. म्हणजे नाके मुरडून तो जाणार नाही. नाशिकच्या तालमीतला एखादा मुलगा उद्या पिंजऱ्याची वाट धरील, तेव्हा त्याला संस्कृतीचे प्रवचन नको असेल. डोक्याला मार बसल्यावर सक्तीची विश्रांती, दुखापतीचा विमा, मायबोलीत समजावून सांगितलेला करार आणि निवृत्तीनंतर पोट भरण्याची काही तजवीज, इतके त्याला हवे असेल. हे मागायला जे तोंड उघडत नाहीत, त्यांनी रानटीपणाची चर्चाही करू नये.