अंदमानची वाट सांबऱ्यातून सोपी व्हावी

काशी-रामेश्वर झाले, आता एकदा अंदमानची सेल्युलर जेल पाहायची राहिली, असे म्हणणारी वडीलधारी माणसे बेळगाव, खानापूर, निपाणीतील जुन्या मराठी घरांत आजही भेटतात. ही ओढ नुसत्या सहलीची नाही. स्वातंत्र्यवीर सावरकर 4 जुलै 1911 रोजी अंदमानात पोहोचले आणि 1921 पर्यंत तेथे बंदी होते. स्वतंत्र भारतात एप्रिल 1950 मध्ये त्यांना पुन्हा प्रतिबंधात्मक अटक झाली, तेव्हा त्यांना ठेवले ते आपल्या हिंडलगा तुरुंगात. जुलैमध्ये त्यांची सुटका झाली. त्यांच्या राजकारणाशी मतभेद असणारेही आपल्या चळवळीत पुष्कळ आहेत; पण 1958 च्या सत्याग्रहात आणि 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ज्यांनी स्वतः तुरुंग पाहिला, त्यांना काळ्या पाण्याच्या कोठड्या पाहाव्याशा वाटणारच.

मात्र 1986 साली पंचविशीत असलेला कार्यकर्ता आज पासष्टीच्या आसपास आहे. त्याआधीच्या पिढीतील तर थोडेच उरले आहेत. ही माणसे खर्चाला कचरत नाहीत. ती कचरतात मधल्या विमानतळाला. ‘बंगळूरला उतरून दुसरे विमान कुठे शोधायचे?’ या एका प्रश्नापाशी बेत मोडतो.

हा प्रश्न खोटा नाही. सांबऱ्याचा विमानतळ 1942 पासूनचा. सप्टेंबर 2017 मध्ये तेथे नवी इमारतही उभी राहिली. पुढच्याच वर्षी हुबळीकडे विमाने वळली आणि बेळगाव ओस पडले. 2019 मध्ये उडान योजनेच्या तिसऱ्या फेरीत बेळगावला 13 मार्ग मिळाले. या योजनेतील अनुदान तीन वर्षांचे असते. ते संपले आणि त्यातील अनेक मार्गही बंद पडले. मग बंगळूर किंवा हैदराबाद गाठायचे, तेथून थेट किंवा चेन्नईमार्गे अंदमान. तिकडची धावपट्टी नौदलाच्या ताब्यातील आणि बहुतेक विमाने दिवसाउजेडीची. हिवाळ्यात तेथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सांबऱ्याचे विमान उशिरा निघाले की पुढचे विमान हातचे गेले आणि परक्या शहरात मुक्काम पडला, हे ठरलेलेच.

म्हणून आपली मागणी साधी हवी : सांबऱ्याहून सकाळी असे विमान असावे, की बंगळूर किंवा हैदराबादला अंदमानचे विमान एकाच तिकिटावर मिळेल. विमानांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, बदलते. निवेदन त्याआधी काही महिने गेले पाहिजे. वेळापत्रक लागल्यावर काढलेला मोर्चा पुढच्या हंगामाच्याच कामाचा. दुसरी मागणी मराठी घोषणांची. ज्या भागात अल्पसंख्याक भाषिक 15 टक्के वा अधिक आहेत, तेथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व 1956 पासून मान्य आहे. त्याच न्यायाने सांबऱ्यात मराठी ऐकू आली पाहिजे. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागेल तेव्हा लागेल. विमानाची वेळ बदलून मागायला त्या निकालाची वाट पाहायचे कारण नाही.

तोपर्यंत काय करावे? स्वस्ताच्या मोहाने दोन वेगळी तिकिटे काढू नयेत. एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर, दोन्ही विमाने असतील तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगळ्या तिकिटांवर कोणी विचारत नाही. सामानही मध्येच उतरवून घेऊन पुन्हा द्यावे लागते. बॅगेच्या पट्टीवर शेवटचे ठिकाण ‘आयएक्सझेड’ आहे ना, ते सांबऱ्यातच पाहून घ्यावे. बेळगावचे ‘बेळगावी’ झाले, पोर्ट ब्लेअरचे 2024 मध्ये ‘श्री विजयपुरम’ झाले, पण विमानाच्या खात्यात आपण अजून ‘आयएक्सजी’ आणि ते ‘आयएक्सझेड’च आहेत. बंगळूरला दोन टर्मिनल आहेत. दोन्ही विमाने एकाच टर्मिनलवर आहेत का, हे तिकीट काढतानाच विचारावे. तिकिटावरचे नाव आधार कार्डावरील अक्षरांप्रमाणेच असावे. चालण्याचा त्रास असेल तर चाकाची खुर्ची दोन दिवस आधी सांगून ठेवावी; ती मागण्यात कमीपणा नाही. निपाणीकरांना सांबऱ्यापेक्षा कोल्हापूरचे उजळाईवाडी जवळ, तेव्हा त्यांनी तेथील विमानेही पाहावीत. परतताना बंगळूरला संध्याकाळ झाली तर रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहेच.

हे सारे आपल्या गल्लीतल्या कॉलेजच्या मुलांना तोंडपाठ असते. प्रत्येक घटक समितीने आणि युवक मंडळाने अशी दोन मुले नेमावीत. त्यांनी ज्येष्ठांची तिकिटे एकत्र काढावीत, दहा-बाराजणांचा गट करावा, एकाने सोबत जावे. हुतात्मा दिनी 17 जानेवारीला आपण फुले वाहतो, 1 नोव्हेंबरला काळे झेंडे घेतो. त्या मोर्चात पुढे चालणारी माणसे घरी बसून आहेत. त्यांचा हात धरून विमान बदलून देणे, हेही संघटनेचेच काम आहे. येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि हिवाळ्यातला पहिला गट नक्की करावा.