घर-अंगण : वाळलेली हिरवळ

मैत्रिणींनो, ह्या खेपेस लातूरच्या एका भगिनीचं पत्र हाती आहे. त्यांच्या घरापुढे पंधरा फूट बाय वीस फूट अशी छान हिरवळ. लावली सासूबाईंनी, साधी आपली हरळीच. सासूबाई दिवाळीनंतर वारल्या. त्यांच्यामागचा हा पहिलाच उन्हाळा, आणि आता मे महिन्यात सगळं अंगण वाळून पेंढ्यासारखं पिवळं पडलंय. यजमान म्हणतात, “मेली ती, फरशी बसवून टाकू.” फरशीवाला मापं घेऊन गेलासुद्धा! आपल्या हातून सासूबाईंची ठेव गेली, ह्याची ह्या बाईंना रात्रंदिवस टोचणी लागली आहे.

बाई, आधी फरशीवाल्याला थोपवा. तुमची हिरवळ बहुतेक मेलेली नाही, झोपली आहे.

गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो, तीच ही हरळी. आणि शेतकऱ्याला विचारा, तो तिच्या नावाने बोटं मोडील. कारण कितीही खणा, काळ्या रानात खोलवर राहिलेल्या एका कांडीतून ती पुन्हा उठते. पाणी तुटलं की वरची पानं सोडून द्यायची आणि जीव जमिनीतल्या कांड्यांत राखायचा, हा तिचा स्वभाव. शेतात जो दुर्गुण, तो आपल्या अंगणात गुण!

खात्री करून घ्यायची असेल तर खुरप्याने एका कोपऱ्यात दोन-तीन इंच उकरा. कांडी पांढरट, टणक आणि मोडल्यावर आतून ओलसर दिसली तर ती जिवंत आहे. तपकिरी, पोकळ आणि काडकन मोडणारी असेल तर तेवढी जागा गेली समजा. एवढ्यानेही मन भरत नसेल तर हातभर लांब-रुंद तुकडा आखा आणि त्यावर आठ-दहा दिवस रोज सकाळी अर्धी बादली पाणी घाला. हिरवे कोंब दिसले की यजमानांना बोलावून दाखवा. वाद घालण्यापेक्षा हे बरं, नाही का?

आता पाण्याचं. तीनशे चौरस फुटांवर एक इंच पाणी द्यायचं तर ७०० लिटर लागतं. उन्हाळाभर हिरवीगार ठेवायची तर हा खर्च निदान आठवड्याला एकदा. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथे मला हे सुचवायला धीर होत नाही. टँकर मागवून हिरवळ भिजवू नका. तिला नुसतं जगवायचं आहे, म्हणून दोन-तीन आठवड्यांतून एकदा अर्धा इंच, म्हणजे ३५० लिटर, पुरे. पण ते एकदाच, उजाडायच्या आत आणि सावकाश द्या. रोज संध्याकाळी पाइप धरून शिडकावा मारायची सवय असेल तर ती मोडा. तेवढ्याने फक्त वरची धूळ बसते, मुळांना काहीच मिळत नाही.

तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी खुशाल घाला. कपड्यांचं साबणाचं पाणी मात्र नको, त्यातल्या क्षारांनी काळी माती आणखी आवळते. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणीही रोज त्याच जागी ओतू नका.

आणि खत? मुळीच नको. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. एका वर्षी घरात मुंज होती, एप्रिलअखेर. हिरवळ जरा फिकी वाटली म्हणून मी भर दुपारी मुठीमुठीने युरिया फेकला आणि वरून चार तांबे पाणी शिंपडलं. चार दिवसांत जिथे जिथे मूठ पडली तिथे तिथे करपलेला डाग! मांडववाल्याच्या सतरंजीनेच अब्रू राखली. झोपलेल्या गवताला खाऊ घालायचं नसतं. कापायचंही नाही, आणि मुलांचं क्रिकेट तेवढं महिनाभर दुसरीकडे.

झाडाखालची जागा मात्र वेगळी. आंब्याच्या दाट सावलीत हरळी टिकत नाही, तिथे पाण्याची नासाडी न करता कुंड्या मांडा.

पाऊस लागला की आठ-पंधरा दिवसांत रंग फिरेल. तरीही कुठे टक्कल राहिलं तर कडेच्याच हरळीच्या दोन-तीन पेरांच्या कांड्या तोडून चार-चार इंचांवर खोचा आणि वरून चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत पसरा. कच्चं शेणखत घातलंत तर लव्हाळा आणि इतर तण आपण होऊन घरी आणाल. कापणी सुरू कराल तेव्हा एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच कापा.

एक लक्ष ठेवा. पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमतात. ते हुमणीचे. फांदी हलवून खाली पाडा आणि रॉकेल किंवा साबण मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाका. नाहीतर श्रावण-भाद्रपदात त्यांच्या अळ्या मुळं खातात आणि गवत गोधडीसारखं हातात उचलून येतं.

लातूरच्या बाईंनी जूनअखेर पुन्हा पत्र टाकावं. फरशीवाल्याला तोवरची तारीख द्या.