धोरणाचा अभ्यास फुकट होत नाही

प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात दरवर्षी एक मोठे काम असते. विद्यार्थी किती, विद्यार्थिनी किती, शिक्षक किती, उत्तीर्ण किती, हे आकडे रजिस्टरे पालथी घालून लेखनिक जुळवितात आणि २०१०-११ पासून सुरू झालेल्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाकडे पाठवितात. २०२१-२२ मध्ये देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते आणि त्यांत २ कोटी ७ लाख मुली होत्या, हे आपल्याला त्यामुळेच कळते. परंतु पहिल्या वर्षाला नाव घातलेली मुलगी दुसऱ्या वर्षी का आली नाही, हे त्या बेरजेत दिसत नाही. ते जाणण्यासाठी कोणीतरी तिच्या गावी जावे लागते, तिच्या घरच्यांशी बोलावे लागते. या माणसाच्या पोटाची सोय कोणी करायची, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्णपणे माफ केले. निर्णय स्वागतार्हच आहे. तथापि मुलींची वाट शुल्काने अडते, वसतिगृहाच्या अभावी अडते, की संध्याकाळी एस. टी. नसल्यामुळे, याचा जिल्हावार अभ्यास हाताशी असल्याखेरीज पुढचे पाऊल कोठे टाकावे हे ठरणार नाही. धोरण आधी आणि अभ्यास नंतर, ही आपली जुनी खोड आहे.

असा अभ्यास तरुणांनी करावा असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यासाठी खर्च करणारे थोडे. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली, परंतु ती स्पर्धा परीक्षेत वर आलेल्या मोजक्यांनाच मिळते. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमक्या याच दोषावर बोट ठेवले होते. स्पर्धेने दिलेल्या शिष्यवृत्त्या वरकरणी न्याय्य दिसल्या, तरी ज्या वर्गांत शिक्षण आधीच रुजले आहे त्यांच्याच पदरी त्या पडतात, असा त्यांचा आक्षेप होता. तो अद्याप जुना झालेला नाही.

इंटर्नशिपची गोष्ट याहून बिकट आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिला पदवी शिक्षणात स्थान दिले. पण शहरातील संस्थेत दोन महिने बिनपगारी उमेदवारी करायची, तर खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे बापाच्या खिशातून यावे लागतात. साहजिकच तालुक्याच्या महाविद्यालयाविषयी लिहिणारा बहुधा तेथे कधी न शिकलेला असतो, आणि तेथे शिकलेला सुट्टीत मजुरीला जातो.

जे. पी. नाईक १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद उभी राहिली, तेव्हा तिची धुराही त्यांच्याचकडे आली. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या या माणसाने त्याआधी धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहून शिक्षणाचे काम केले होते. दिल्लीतील त्यांच्या शब्दाला वजन होते, ते अशा अनुभवामुळे.

शिक्षकांच्या जागा रिक्त असताना संशोधनावर पैसा कशाला, असे कोणी विचारील. जागा भरल्याच पाहिजेत. अधिछात्राला तासिका तत्त्वावरील स्वस्त शिक्षक म्हणून राबविणे हा तर त्यावरचा उपाय नव्हेच. परंतु कोणत्या जागा कोठे रिक्त राहिल्याने कोणाचे किती नुकसान झाले, हे दाखविणारा अभ्यासकच त्या मागणीला बळ देईल.

म्हणून प्रत्येक विद्यापीठाने आपल्या अंदाजपत्रकात उच्च शिक्षणाच्या अभ्यासासाठी थोड्या पण निश्चित अधिछात्रवृत्त्या ठेवाव्यात. त्यांत ग्रामीण महाविद्यालयांतून आलेल्यांना वाटा असावा. पैसे दरमहा, ठरल्या तारखेला मिळावेत. सहा महिन्यांनी एकदम मिळणाऱ्या रकमेतून खाणावळीचे बिल भागत नाही. विनावेतन इंटर्नशिप विद्यापीठाने मान्यच करू नये. आणि निष्कर्ष शासनाला गैरसोयीचे असले तरी ते मराठीत प्रसिद्ध व्हावेत. लेखनिकाने इमानाने भरलेले आकडे कपाटात पडून राहणार असतील, तर ते मागण्याचा अधिकार तरी कोणाला उरतो?