हरणांचे लाड

हरीण मारू नये असे ज्यांना मनापासून वाटते त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. आणि लिहीत आहे ते हरणे मारावीत, पुष्कळ मारावीत आणि वेळेवर मारावीत, एवढे सांगण्यासाठी. दिवाळीच्या अंकाला हा विषय शोभत नाही असे मला घरातूनच बजावण्यात आले. "अहो, लोक चकली खाता खाता वाचणार!" असे ते शब्द होते. परंतु वर्षाकाठी एवढा एकच अंक घरातली सगळी माणसे वाचतात, आणि ज्यांच्याशी मला भांडावयाचे आहे ती माणसे घराघरांतच आहेत.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहराच्या पश्चिमेस, मी तीस वर्षे राहत आहे. बंदूक कधी हातात धरली नाही आणि घरात मांस शिजत नाही. तेव्हा शिकाऱ्यांचा वकील म्हणून मला कोणी बाद करू नये. त्यांच्याशीही माझे भांडण आहेच. ते पुढे येईल.

आमच्या भागातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांना एक रोग जडला आहे. इंग्रजीत त्याला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणतात; आपण झुरणी म्हणू. या रोगात हरणाच्या मेंदूतल्या एका प्रथिनाची घडी बिघडते. कपाटातल्या धोतरांच्या चळतीत एकाची घडी मोडावी आणि त्याच्या संगतीने शेजारच्यांच्याही घड्या तशाच मोडत जाव्यात, तसा हा प्रकार. या बिघडलेल्या प्रथिनाला प्रायॉन म्हणतात. तो जंतू नव्हे, विषाणूही नव्हे. त्याला जीवच नाही, म्हणून त्याला मारणे कठीण. मांस शिजवल्याने तो जात नाही. रोगी हरणाच्या लाळेतून, मुतातून, लेंड्यांतून तो बाहेर पडतो, मातीला चिकटतो आणि तिथे वर्षानुवर्षे दबा धरून बसतो. लागण झाल्यावर वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ, हरीण धडधाकट दिसते आणि इतरांना रोग देत हिंडते. मग ते वाळू लागते. मान खाली, कान लोंबलेले, तोंडातून लाळ, माणसाचे भय उरलेले नाही. यावर लस नाही, औषध नाही, आणि यातून बरे झालेले हरीण कोणी पाहिलेले नाही. माणसाला लागण झाल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. तरीही रोगी हरणाचे मांस खाऊ नये असे आरोग्यखाते सांगते. ब्रिटनमध्ये वेड्या गाईंचा रोग माणसांत उतरल्याचे 1996 साली उघड झाले, ते ज्यांना आठवते ते हा सल्ला मानतात.

1967 साली कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स येथे, संशोधनासाठी कुंपणात पाळलेल्या हरणांत हा रोग प्रथम दिसला. तो कोणत्या कुळातला, हे 1978 मध्ये एलिझाबेथ विल्यम्स या पशुवैद्य बाईंनी मेंदूच्या कापांवरून ओळखले. आज तो अमेरिकेच्या 35 हून अधिक राज्यांत आहे, कॅनडात आहे, दक्षिण कोरियात सापडला आहे, आणि नॉर्वे, स्वीडन, फिनलंड येथेही. कोरियात तो गेला कॅनडाहून आणलेल्या एल्क हरणांबरोबर. हरीण काही पॅसिफिक महासागर पोहून जात नाही!

आमच्या राज्यात तो फेब्रुवारी 2002 मध्ये उघडकीस आला. आदल्या नोव्हेंबरात माउंट होरेब गावाजवळ मारलेल्या तीन हरणांत तो निघाला. सरकारने निर्धार केला की सुमारे 400 चौरस मैलांचा टापू आखावयाचा आणि त्यातली हरणे, अंदाजे 25,000, जवळजवळ निःशेष करावयाची. योजना धाडसी होती आणि ती राबविण्याची रीत आडमुठी होती, हे मी मान्य करतो. ज्यांच्या शेतात हे करावयाचे त्या शेतकऱ्यांना आधी विश्वासात घेतले नाही. धडधाकट दिसणारी हरणे मारून खड्ड्यात लोटावयाची, हे लोकांच्या गळी उतरले नाही. अनेकांनी आपल्या जमिनीत नेमबाजांना पाऊल टाकू दिले नाही. हरणांची संख्या म्हणावी तशी घटली नाही, आणि 2007 मध्ये सरकारी नेमबाजांचे काम बंद झाले. त्याआधी एक चांगला नियम होता: आधी एक मादी मारा, मग नर मारण्याचा परवाना मिळेल. कळप आटोक्यात ठेवण्याचा तो सरळ मार्ग होता. तो शिकाऱ्यांना जाचक वाटला म्हणून 2011 साली विधिमंडळाने कायदा करून काढून टाकला. पुढे तर धोरण असे की थांबा आणि पाहा.

पाहिले ते असे. 2002 मध्ये जिथे शेकड्यात एखाददुसरे हरीण रोगी निघत होते, त्या नैर्ऋत्य भागातल्या काही पट्ट्यांत आज तपासलेल्या प्रौढ नरांपैकी निम्म्याहून अधिक रोगी निघतात.

कोणी म्हणेल, हा रोग असाच आहे, कोणीही काही केले असते तरी हेच झाले असते. मग आमच्या दक्षिणेला लागून असलेल्या इलिनॉयकडे पाहावे. तिथेही रोग 2002 मध्येच सापडला. त्यांनी गाजावाजा केला नाही. जिथे रोगी हरीण निघाले तिथे हिवाळ्यात, शिकारीचा हंगाम उलटल्यावर, सरकारी नेमबाज पाठवावयाचे आणि त्या ठिकाणचा कळप विरळ करावयाचा, एवढेच; पण ते दर साल, न चुकता. दोन्ही राज्यांची तुलना करणारा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. 2007 नंतर आमच्याकडे रोगाचे प्रमाण दर वर्षी सरासरी अर्ध्या टक्क्याहून अधिक वाढत गेले. इलिनॉयमध्ये त्याच काळात ते होते तिथेच राहिले. इलिनॉयने रोग संपविला असे मी म्हणत नाही. तिथेही तो जिल्ह्यामागून जिल्ह्यात शिरला आहे. पण घराला आग लागली असता विझत नाही म्हणून बादल्या फेकून देणारा आणि शेजारची खोली वाचविणारा, हे दोघे सारखे नव्हेत.

नॉर्वेने तर कमाल केली. 2016 च्या मार्चमध्ये नूरफ्येला पर्वतात एक रानटी रेनडिअर या रोगाने मेलेले सापडले; युरोपातले ते पहिलेच. सरकारने त्या टापूतला दोन हजारांहून मोठा कळप पुरता काढून टाकावयाचे ठरविले आणि 2018 च्या वसंतापर्यंत काढला. त्यात रोगी निघाली फक्त 19. ज्या देशाला आपल्या रानटी रेनडिअरचा एवढा अभिमान, त्याने 19 रोगी हरणांसाठी दोन हजारांवर बंदूक चालविली! 2020 मध्ये शेजारच्या हार्डांगरविड्डा पठारावर पुन्हा एक रोगी रेनडिअर मिळाले, तेव्हा टीकाकारांनी टाळ्या पिटल्या. मी पिटणार नाही. शेकड्याला एकाच्या खाली रोग असता जो खर्च नॉर्वेने केला, तो शेकड्याला पन्नास झाल्यावर कोणालाच परवडत नाही.

आता शिकाऱ्यांकडे वळतो. विस्कॉन्सिनमध्ये दर साल तीन लाखांच्या आसपास हरणे मारली जातात. हौसेने, थाटाने, आजोबांपासून नातवापर्यंत सारे घर मिळून. म्हणजे मारण्याला कोणाची हरकत नाहीच; हरकत आहे ती कमी हरणे उरण्याला! शिवाय यांना हवी असतात मोठाल्या शिंगांची डोकी, भिंतीवर लावावयास. त्यासाठी तरुण नरांना जीवदान देऊन वाढू देतात. आणि हा रोग माद्यांपेक्षा प्रौढ नरांतच अधिक.

त्याहून वाईट हरीणवाडे. पैसेवाल्या शिकाऱ्याला दांडग्या शिंगांचा नर हमखास मिळावा म्हणून कुंपणात हरणे वाढविण्याचा इथे धंदा आहे. ती मालमोटारीत घालून गावोगाव नेतात. अल्मंड गावाजवळच्या अशा एका वाड्यात रोग सापडल्यावर 2006 साली उरलेली 76 हरणे मारून तपासली, त्यांतली 60 रोगी निघाली. ती जमीन पुढे राज्यालाच विकत घेऊन कुंपणात कोंडून ठेवावी लागली.

पण माझा खरा रोख दयाळू माणसांवर आहे, आणि त्यांत आपली मंडळीही आली. गाईला घास घालण्याची आपली जुनी सवय. इथे गाय अंगणात येत नाही, हरीण येते. परसात मक्याचे दाणे टाकावयाचे, मुलांना खिडकीत उभे करावयाचे, "बघ, बघ, पाडस आले!" मी हे परिचितांच्या घरी पाहिले आहे. एकाच ठिकाणी दहा हरणे तोंड घालतात, लाळ मिसळते, माती माखते. रोगाला याहून सोयीची पंगत कोण वाढणार? रोगग्रस्त जिल्ह्यांत असे खाऊ घालण्याला कायद्याने बंदी आहे. एका बाईंना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "भाऊ, कायद्याला दया नसते." माझ्या मते बाईंच्या मूठभर मक्यातच दया कमी होती.

शाकुंतलाच्या पहिल्याच अंकात तपस्वी राजाला आडवे येतात आणि आश्रमातले हरीण मारू देत नाहीत. ते बरोबरच होते. राजा आला होता मृगयेच्या छंदासाठी. पण त्याच आश्रमात एक हरीण मान टाकून लाळ गाळीत उभे असते आणि त्याच्यामागे सारा कळप त्याच वाटेने निघालेला असता, तर कण्वमुनींनी काय केले असते? हा प्रश्न मी आपल्या अहिंसावादी मित्रांना विचारतो तेव्हा ते म्हणतात, निसर्ग आपले पाहून घेईल. कोणता निसर्ग? आमच्या मक्याच्या शेतांत लांडग्यांचे कळप नांदत नाहीत. कोलोरॅडोत प्यूमा आहेत, ते रोगी हरणे अधिक टिपतात असेही दिसून आले; तरी रोग आहे तिथेच आहे. आमच्याच राज्यात हजाराहून अधिक हरणांच्या गळ्यात यंत्रे बांधून केलेला अभ्यास सांगतो की निरोगी मादी वर्षभर जगण्याची शक्यता 83 टक्के, तर रोगी मादीची 41. मारू नका म्हणणाऱ्यांनी वाचविलेली हरणे ती हीच. फरक इतकाच की ती आपल्या डोळ्यांसमोर मरत नाहीत.

मागणी साधी आहे. रोग जिथे नव्याने दिसेल तिथे इलिनॉयसारखे, दर हिवाळ्यात, पहिल्या सालापासून कळप विरळ करा, आणि जमीनमालकांना आधी विचारून करा. हरीणवाड्यांतली ने-आण बंद करा. आधी मादी हा नियम परत आणा. तपासणी आज ऐच्छिक आहे, फुकट असूनही. रोगग्रस्त जिल्ह्यांत ती सक्तीची करा. यांतले काहीही नैर्ऋत्य विस्कॉन्सिनला पूर्ववत करणार नाही. उत्तरेकडच्या ज्या जिल्ह्यांत रोग अजून तुरळक आहे त्यांच्यासाठी हे आहे.

येत्या नोव्हेंबरात नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होईल. माझ्या घरामागे तीन एकर माळ आहे. तिथे या वर्षी प्रथमच मी शेजाऱ्याला शिकारीची परवानगी दिली आहे, अट एवढीच की प्रत्येक डोके तपासणीला गेले पाहिजे. त्याने विचारले, मादीच का? मी म्हटले, मादी चालेल. पण मोठ्या शिंगांचा तो म्हातारा नर दिसला तर त्याला सोडू नकोस.