रिकामे खोके

सणासुदीच्या दिवसांत घरात एखादी नवी वस्तू येते आणि सारी मंडळी तिच्याभोवती गोळा होतात. पंखा असो, मिक्सर असो की देवगडचा हापूस असो, वस्तू बाहेर निघाली की सर्वांचे डोळे तिच्यावर खिळतात. ज्या खोक्याने तिला दूरवरून सुखरूप आणले, ते मात्र कोपऱ्यात भिरकावले जाते. दुसऱ्या दिवशी ते जिन्याखाली जाते आणि तिसऱ्या दिवशी उकिरड्यावर. पावसाची एक सर आली, की त्याचा लगदा होतो. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण माणसांविषयी असली, तरी वस्तूंनाही ती तंतोतंत लागू पडते.

वास्तविक हे खोके म्हणजे मानवी बुद्धीची एक सुंदर निर्मिती आहे. त्याचा पुठ्ठा कडेने न्याहाळला, तर दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी वळणे घेत गेलेला तिसरा कागद दिसतो. ही वळणे म्हणजे ओळीने मांडलेल्या चिमुकल्या कमानीच होत. पुलाची कमान जसा भार पेलते, तसा त्या भार पेलतात, आणि त्यांच्या पोकळीमुळे आतील वस्तूला धक्का कमी लागतो. १८७१ साली अमेरिकेत अल्बर्ट जोन्स याने अशा नागमोडी कागदाचे पेटंट घेतले, ते काचेच्या बाटल्या व दिव्यांच्या चिमण्या प्रवासात फुटू नयेत म्हणून. पुढे १८७४ साली ऑलिव्हर लाँग याने त्याला सपाट कागदाची जोड दिली आणि पुठ्ठा अधिक बळकट झाला. पूर्वी लाकडी पेट्यांतून येणारी फळे आता पुष्कळदा पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतात. या पुठ्ठ्यासाठी कोठे लाकूड, कोठे बांबू, कोठे उसाचे चिपाड, तर कोठे रद्दी खर्ची पडते. शिवाय पाणी लागते, इंधन लागते आणि माणसांचे श्रम लागतात. एवढा खटाटोप करून तयार झालेली वस्तू एका प्रवासानंतर फेकून देणे, हे शहाणपणाचे लक्षण खचित नव्हे.

जुन्या पिढीला हे शहाणपण शिकवावे लागले नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, आणि गोधडी विरली की तिचे पायपुसणे होई. रद्दी कागद पाण्यात भिजवून, त्यात मेथीचे पीठ घालून कुटत आणि त्या लगद्याने सुपे व टोपल्या लिंपून घेत. त्यामुळे बांबूच्या फटी बुजत आणि टोपली वर्षानुवर्षे टिके. त्या स्त्रिया स्वतःला कलावंत म्हणवून घेत नव्हत्या. घरात निकड होती आणि हाताशी वस्तू होती. दोहोंची गाठ घालून देणे एवढेच त्या करीत.

पुठ्ठ्याच्या बाबतीतही तेच करता येते. घरातील एखादा खण उघडून पाहावा. त्यात सुया, बटणे, पेन्सिली, किल्ल्या आणि औषधांच्या पाकिटांची खिचडी झालेली असते. पुठ्ठ्याच्या पट्ट्या खणाच्या मापाने कापाव्यात, त्यांना निम्म्या उंचीपर्यंत चिरा द्याव्यात आणि त्या चिरांत पट्ट्या एकमेकींत अडकवाव्यात. डिंक नको, चिकटपट्टी नको. दहा मिनिटांत खणाला कप्पे पडतात. उंच खोक्याच्या दोन बाजू तिरप्या कापल्या, की वह्या-पुस्तके उभी ठेवण्याची सोय होते. त्रिकोणी घडी घालून केलेल्या घडवंचीवर पुस्तक तिरपे राहते आणि वाचणाऱ्याची मान अवघडत नाही.

मात्र प्रत्येक कामाला त्याची रीत असते. भार पेलावयाचा असेल, तेथे पुठ्ठ्यातील वळणांच्या नळ्या उभ्या असाव्यात. त्या आडव्या ठेवल्या, तर पुठ्ठा लवकर दबतो. घडी सरळ पडावी म्हणून आधी पट्टी धरून चमच्याच्या दांड्याने रेघ दाबून घ्यावी. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ पुरते. जाड पुठ्ठा कापताना वडीलधाऱ्यांचे साहाय्य घ्यावे. चुलीजवळ पुठ्ठ्याची वस्तू ठेवू नये आणि ओलीच्या जागी तर मुळीच ठेवू नये.

या साध्या पुठ्ठ्यात केवढे सामर्थ्य आहे, हे मुंबई परिसरातील 'आरंभ' या संस्थेने २०१४च्या सुमारास दाखवून दिले. खेड्यांतील अनेक शाळांत मुले जमिनीवर बसून, पाठीला बाक काढून लिहीत असत. संस्थेने टाकून दिलेली खोकी गोळा केली, ती ठरावीक आकारात कापली आणि घड्या घालून त्यांची अशी वस्तू बनवली, की शाळेत जाताना तिचे दप्तर व्हावे आणि शाळेत बसल्यावर तिचेच लिहिण्याचे मेज व्हावे. खर्च अगदी अल्प होता. पुठ्ठा काही जन्मभर टिकत नाही. तरीही ज्या मुलाला त्याने काही महिने ताठ बसू दिले, त्याच्या लेखी तो टाकाऊ कसा म्हणावा?

या उदाहरणापुढे शाळाशाळांतून भरणारी 'टाकाऊपासून टिकाऊ' प्रदर्शने ठेवून पाहावीत. त्यांमागील हेतू चांगला असतो, यात शंका नाही. परंतु एका खोक्याचे घर करण्यासाठी बाजारातून चकचकीत कागद येतो, थर्मोकोल येतो, चमकी आणि प्लॅस्टिकच्या चिकटपट्ट्या येतात. दोन दिवस ते घर टेबलावर मिरवते आणि तिसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते. आता तो पुठ्ठा ना खोक्याच्या कामाचा, ना रद्दीच्या. चमकी आणि प्लॅस्टिक यांनी लडबडलेल्या पुठ्ठ्याचा पुन्हा कागद करणे अवघड जाते. एक टाकाऊ वस्तू वाचवण्याच्या नावाखाली चार नव्या वस्तू टाकाऊ केल्या, असा हा हिशेब होतो. ज्या वस्तूचा घरात उपयोग नाही, ती कितीही देखणी असली, तरी तिला टिकाऊ म्हणणे हे शब्दाशी केलेले खोटे वर्तन आहे.

कोणी असाही आक्षेप घेईल, की कचरा वेचणाऱ्यांचे पोट पुठ्ठ्यावरही चालते. घरोघरी खोकी अडकून राहिली, तर त्यांनी काय करावे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुण्यात १९९३ साली अशा कष्टकऱ्यांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही आपली संघटना उभारली आणि आपले काम समाजाच्या उपयोगाचे आहे, हे लोकांना पटवून दिले. त्यांच्या हातून गेलेला पुठ्ठा गिरणीत पोहोचतो आणि पुन्हा कागद होऊन येतो. असे साधारणतः पाच-सात वेळा घडते. पुढे त्यातील तंतू आखूड होऊन निकामी होतात. परंतु उष्ट्याखरकट्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव येत नाही, आणि तो निवडताना माणसाचे हात मात्र घाणीत बुडतात. तेव्हा त्यांचे नुकसान होते ते घरात वापरल्या जाणाऱ्या दोन खोक्यांमुळे नव्हे, तर ओल्या कचऱ्यात कोंबलेल्या वीस खोक्यांमुळे.

म्हणून मार्ग सरळ आहे. जेवढी खोकी खरोखर उपयोगी पडतील, तेवढीच ठेवावीत. उगाच साठवलेल्या ढिगात झुरळे होतात, कसर लागते आणि वाळवीला आयते खाद्य मिळते. उरलेली खोकी चिकटपट्टी काढून, सपाट करून, कोरडी बांधून वेचणाऱ्यांच्या हाती द्यावीत. घरात वापरलेले खोकेही झिजल्यावर त्याच वाटेने जावे. तेलाने माखलेला साधा पुठ्ठा असेल, तर त्याचे बारीक तुकडे करून ते खताच्या खड्ड्यात टाकावेत. माती त्यांचा स्वीकार करते.

घर स्वच्छ आहे की नाही, हे उंबरठ्याच्या आत पाहून कळते. ते घर सुसंस्कृत आहे की नाही, हे त्या घरातून बाहेर पडणारा कचरा ज्याला हाताळावा लागतो, त्याला विचारावे.